दहा नंबरचा पाना

दीपनगरच्या राखेला माझी गाडी पाठ आहे.
रात्रपाळी सुटून क्वार्टरवर येतो
तेव्हा बॉनेटवर तिचं ताजं, मऊ, करडं पांघरूण.
फडकं ओलं करून एकाच दिशेनं ओढायचं.
गोल घासलं की ओरखडे.

दोन हजार पाचची ऑक्टाव्हिया.
सावद्याच्या एका व्यापाऱ्यानं घेतलेली,
केळीला भाव चढला त्या साली;
मग लेकाला उंच गाडी हवी झाली
आणि ही गेली शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांमागं.
आत दीडशे घोडे आणि उंदराची दोन घरटी.
माझ्या पगारात ती तशीच बसत होती.

'भो, हे बला कशाले घेतली?'
खडका रोडवर रज्जाक मिस्तरीनं विचारलं.
'हिचा पार्ट पुन्याले नाई भेटत.'
मग आतून जॅक आणून दिला. म्हणाला,
'परत आनशील. तेल टाकून.'

पाळीत मी पाचशे मेगावॅटचं टर्बाइन सांभाळतो,
म्हणजे त्याच्या बेअरिंगचं तापमान वहीत लिहितो.
एक नट फिरवायचा तर लाल कार्ड,
एक सही, तिच्यावर दुसरी सही.
घरी नारळाएवढा टर्बो आहे.
तो उघडायला
कुणालाच विचारावं लागत नाही.
पहिल्या दिवशी याचीच भीती वाटली.

मेमध्ये, वरणगाव फाट्याजवळ, सुई नव्वदवरून उठली.
मी गाडी बाजूला घेतली, बंद केली,
आणि टोपण उघडलं नाही.
एवढी अक्कल वाफेनं नोकरीत दिलेली.

पंप काढायला दोन रविवार.
पुढचा अर्धा चेहरा उतरवला, पट्टा सोडला,
त्याआधी ज्योत्स्नाच्या नेलपॉलिशनं
दोन्ही चाकांवर खुणा केल्या
(ती म्हणाली, निदान जुनी बाटली घ्यायची).
पंप हातात आला. आतला पंखा प्लास्टिकचा,
तडकून दांड्यावर सैल झालेला,
दांडा फिरला तरी तो जागचा हलेना.
ज्यानं तो आखला
त्याला भुसावळचा मे कुणी सांगितला नव्हता.

नवा पंप लोखंडी पंख्याचा. कुरिअरला अकरा दिवस.
पट्टा चढवला, इंजिन हातानं दोनदा फिरवलं,
खुणा समोरासमोर आल्या.
पुन्हा दोनदा फिरवलं. आल्या.
शेवटच्या बोल्टाला
दहा नंबरचा पाना हातातून सुटला.
एकदा खणखणला. दुसऱ्यांदा.
आणि जमिनीवर काहीच पडलं नाही.

यामिनीला बोलावलं. बारा वर्षांची, हात काडीसारखे.
बॅटरी दातात धरून तिनं
कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले,
आणि काढला तो चौदा नंबर. गंजका.
'हा आपला नाही, पप्पा.'
नव्हताच. आधीच्या कुणा मिस्तरीचा,
त्यानंही असंच कान लावून ऐकलं असेल.

मग गुलाबी कूलंट, आणि हवा काढणं.
त्यासाठी हीटर लागतो. पूर्ण.
बाहेर पंचेचाळीस, काचा वर,
आम्ही दोघं शिजत बसलेलो, सुईकडे बघत.
साठ. सत्तर.
घाम तिच्या नाकाच्या शेंड्यावरून गिअरवर पडला.
शेजारचे भारंबे काका काचेवर टकटक करून म्हणाले,
'एसी मस्त असेल नं हिचा?'
'हो काका,' यामिनी म्हणाली,
आणि काच लगेच वर केली.

सुई नव्वदवर थांबली. थांबलेलीच राहिली.

रज्जाकचा जॅक तेल घालून परत दिला.
चौदा नंबर मी घासून डब्यात ठेवला आहे.
आमचा दहा अजून आतच, खालच्या पत्र्यावर कुठेतरी;
फुलगावच्या वळणावर गाडी डावीकडे घेतली
की एकदा वाजतो.
यामिनी म्हणते, 'आहे.'