एका ग्रॅमला

फुजैराच्या बंदरामागे, तेलाच्या टाक्यांना लागून
मोइदूचं बकाला.
दार ढकललं की आधी एसी लागतो अंगाला,
मग कांद्यांचा वास.
डब्या त्याच्या डोक्यावरच्या फळीत,
रिचार्ज कार्डांच्याही वर,
पोरांचा हात पोचणार नाही तिथं.

म्हटलं, ती काळी दाखव.
त्यानं वय विचारलं नाही.
एकावन्न सरली माझी, तरी विचारायला हवं होतं.
मीच आपणहून बताका काढून काउंटरवर ठेवला.
‘भाई, वय तुमच्या केसांवर छापलंय,’ म्हणाला.

झाकणावर बर्फाचा डोंगर,
पाच ठिपके, पाचही भरलेले,
आणि खाली ठळक : वीस.
वीस कशाला?
पुडीला, का ग्रॅमला?

अठरा वर्षं मी टाक्यांवर चढून तेल मोजतो.
टेप सोडायची. तळाला टेकली की हाताला कळतं.
वर ओढायची, ओली रेघ कुठं थांबली ते वाचायचं.
एका मिलिमीटरची चूक म्हणजे कित्येक पिंपं.
मला कुणी नुसतं ‘वीस’ सांगू नये.

चष्मा कपाळावरून खाली.
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सापडलं :
एका ग्रॅमला.
पुडी पाऊण ग्रॅमची.
म्हणजे पंधरा.

पंधराही थोडे नव्हेत.
मागल्या ऑगस्टात रॉमेलनं दिलेली अशीच एक
ओठाखाली धरून चोवीस नंबरवर चढलो होतो.
अर्ध्या जिन्यात उचकी.
वर पोचलो तर नांगरलेली जहाजं
एकेक करून सरकायला लागली.
कठडा धरून बसलो. त्या उन्हात थंड घाम.
पुडी रुमालात थुंकली, रीडिंग दोनदा घेतलं,
दोन्ही वेळा वेगळं आलं.

म्हणून ही तपासणी.
बॅच. मुदत. मागवणाऱ्याचा शिक्का.
खोकं आत होतं, का दारात उन्हाला?
‘भाई, गाडी घेताय का?’
मोइदूच्या मागं दोघं पाव घेऊन खोळंबलेले.

या सगळ्यात मोठी अक्षरं दोनच शब्दांची :
तंबाखू नाही.

निपाणीच्या वखारीत आई सत्तावीस वर्षं
तंबाखू चाळत होती.
नाकाला पदर, आणि पदरालाही तोच भुगा.
भाकरीत, वेणीत, माझ्या दप्तरात.
मूठ नाकाशी नेऊन सांगायची :
ही कडक, ही मऊ, ह्या बोदात पाणी मारलंय.
ठिपके नाही लागले तिला कधी.
ह्या पांढऱ्या पुडीत पान नाही, देठ नाही,
कुणाच्या खोकल्याचा मागमूस नाही.
घासलेल्या बेसिनसारखी स्वच्छ.

रॉमेलची रिकामी डबी रविवारी फोनवर दाखवली तिला.
तिनं पडद्यापाशी नाक नेलं, सवयीनं.
‘तंबाखू न्हाई म्हंतोस?’
न्हाई.
‘मग सुटंना का?’

काळी डबी उलटी करून
मागची बाजू मी पुन्हा वाचली.
बारकोडपर्यंत.

काळी परत दिली.
शेजारची घेतली, दोन ठिपक्यांची,
चार, आणि ‘पुडीला’ असं सरळ छापलेलं.
सोळा दिरहम. बिल दे म्हटलं.
मोइदूनं मशीनला नवा रोल बसवला, माझ्याकडं न बघता.

गाडीत बसून, नमुन्याच्या बाटलीवर लिहितो तसं
मार्करनं झाकणावर लिहिलं :
तारीख. वेळ. पुड्या वीस.
सहीपाशी अडलो.
तळाला टेकली की हाताला कळतं, म्हणतो ना मी.
टेप अजून खालीच चालली होती.