मोजदाद

कुंपणापलीकडच्या मिसेस ओल्ड्रॉइड
गुडघ्यांपायी वृद्धाश्रमात गेल्या,
तेव्हा शेडची किल्ली माझ्या तळहातावर दाबून म्हणाल्या,
"नॉरिस, अकरा आहेत. सांभाळ."
मला वाटलं, मांजरं.

हॅलिफॅक्सच्या चढावर, कोळशाच्या जुन्या खोलीमागे,
दोन दारं आडवी टाकावीत एवढं तळं.
त्यात नारिंगी, पांढरे, आणि एक
तोंडावर शाई सांडल्यासारखा. त्याचं नाव बिशप.
शेडच्या दाराला आतून खडूनं लिहिलेलं:
स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली कधीही नाही.
का, ते लिहिलं नव्हतं.

मी नळाखाली धुतला. घासून, लख्ख,
पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखा.
चार दिवसांत पाणी धुवणासारखं गढूळ,
मासे वर येऊन हवा गिळायला लागले.
रविवारच्या फोनवर त्यांनी सुस्कारा टाकला,
"अरे, त्या मळातच जीव होता.
बादलीत पाणी भर, रात्रभर उघडं ठेव,
क्लोरीन उडून जाऊ दे, मग घाल. थोडं थोडं.
आणि पुन्हा माझ्या तळ्याला आंघोळ घालू नकोस."

ऑक्टोबरात शेजारचं झाड गळायला लागलं.
मी जाळी ताणली, पानं उपसली,
बोटं बधिर होईतो.
थर्मामीटर दहाच्या खाली उतरला तसा हुकूम आला:
आता खाणं बंद.
ते मात्र माझी सावली ओळखून येत,
तोंडाचे बारीक गोल करून विचारत,
आणि माझ्या खिशात दाणे.
"थंडीत त्यांचं पोट झोपतं, नॉरिस.
घातलंस तर आतच कुजेल. हात आखडता घे."
मी चाळीस वर्षं बेकरीत रात्रपाळी केली.
भुकेल्याला नाही म्हणायचं
कोणी शिकवलं नव्हतं.

मग तो आला, धुराड्यावर, राखाडी,
एका पायावर, बकध्यान लावून.
मी चमचे वाजवले, टोपी फेकली,
पहाटे पायजम्यावर धावलो.
त्या दिवशी पहिल्यांदा नीट मोजले.
दहा.
पुन्हा मोजले. कमळाची पानं उचलून, काठीनं सावली हलवून.
दहा.

रविवारी त्यांनी विचारलं, "सगळे?"
मी म्हणालो, "अकरा."

जानेवारीत तळ्यावर काच बसली.
माझा हात हातोड्याकडे गेला होता,
पण खडूच्या शेवटच्या ओळीत होतं: ठोकायचं नाही,
धक्क्यानं मरतात.
म्हणून रोज सकाळी गरम पाण्याचं पातेलं
बर्फावर टेकवून उभा राहायचो,
वाफ चष्म्यावर, खाली हळूहळू
पातेल्याच्या बुडाएवढं भोक.
त्यातून काही दिसायचं नाही.
तळाशी ते दगडासारखे, न हलता, कसलेसे जगत होते,
आणि मी दर रविवारी
अकरा म्हणत होतो.

मार्चमध्ये कडेला बेडकीनं
साबुदाण्याचा गोळा ठेवून दिला.
जवाच्या पेंढ्याची जुडी सोडली, शेवाळ थोपलं.
बिशप वर आला, हाडकुळा, रागावलेला.

मेमध्ये भाची त्यांना चाकाच्या खुर्चीत घेऊन आली.
मी कबूल केलं. बगळा. दहा. माफ करा.
त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.
"अरे, माझ्या जाण्याआधीच्या मंगळवारी नेला त्यानं एक.
मी तुला अकरा सांगितलं,
कारण तेव्हा मला ते दहा म्हणवत नव्हतं."

आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो.
वनस्पतींच्या मुळांशी काही काळसर, सुईएवढं हललं,
की पंपाची लाट होती, कोण जाणे.
त्यांनी मोजलं नाही. मीही नाही.
"स्पंज दे," म्हणाल्या.

बादलीत तळ्याचं पाणी घेऊन
त्यांनी तो सावकाश पिळला, तीनदा,
तपकिरी, चिखलाच्या वासाचा,
आणि परत जाताना
भाचीनं टिश्यू पुढे केला तरी
हात पुसले नाहीत.