स्मरणिकेसाठी, चारशे शब्दांत

एचआरमधल्या मुलीचा मेसेज आला:
काका, कंपनीला पन्नास वर्षं होताहेत,
तुमच्या आठवणी हव्यात स्मरणिकेला.
चारशे शब्द. शक्यतो सकारात्मक. फोटो असल्यास उत्तम.

फोटो एकच आहे.
सड्यावर मांडव, जांभ्यात खणलेला पाया,
डॉक्टर उकिडवे नारळ फोडताहेत, भर चैत्रात कोट घालून.
मागे उभे ते, ज्यांची जमीन गेली.
घरटी एक नोकरी, असं तोंडी ठरलेलं.
तोंडी ठरलेलं फोटोत येत नाही.

तेव्हा नाव होतं अश्विनेय रसायनशाळा.
देवांचे दोन वैद्य, लेबलावर त्यांचे घोडे.
मग अश्विनेय फार्मा. मग जावयांनी घोडे काढले,
आणि आता ॲशनेक्स,
ज्याचा अर्थ विचारला तर तुम्ही मुली हसता.
पण साथीच्या साली तापानं फणफणलेली अख्खी खालची वाडी
आमच्या गोळीनं उठवली, फुकट, बिलबुक न उघडता.
हे मी पाहिलंय. हे पहिल्या पानावर घ्या.

सांडपाण्याच्या खोलीत भिंतीवर एक कोष्टक होतं,
भरती-ओहोटीचं.
औषधाच्या कारखान्याला समुद्राची वेळ कशाला,
नवा होतो, विचारलं.
पेवेकर म्हणाला, तिथीची पाऊणपट कर, भरतीचा तास निघतो.
मग पाणी उतरायला लागतं.
उतरत्या पाण्याबरोबर काय जातं ते तू मोजायचं नाहीस.
हा हिशेब त्याला बापानं शिकवला होता
जाळं कधी टाकायचं त्यासाठी.

भोईवाडीतली सुंदरा एका सकाळी गेटवर आली,
पाटीभर मासे टेबलावर उपडे केले, पोटं वर.
"तुमचंच हाय, तुमीच खावा."
वॉचमननं आवक वहीत नियमानं लिहिलं:
मासे, पाटी एक, मिळाली.
ती वही पुढे सापडली नाही.

परदेशी तपासनीस यायचे होते त्याच्या आधीच्या तीन रात्री
मी लिहीत होतो.
गोळ्या टिकतात का ते बघायची खोली अकरा दिवस बंद पडलेली,
आणि कागदावर तापमान हवं होतं, दर चार तासांनी.
पंचवीस. पंचवीस. मधेच एखादं चोवीस पूर्णांक आठ,
खरं वाटावं म्हणून. ती कल्पना माझी.
चार पेनं दिली होती, शाई वेगवेगळी दिसावी म्हणून.
सोबत जिलबी आली.
मुक्ता घागनं पेन उचललं नाही.
तिची बदली सिल्वासाला झाली, माझी बढती जागच्या जागी.

तपासनीस बाई वाकून वास घेत होत्या कागदाचा.
सतरा पानांचं पत्र आलं नंतर.
कंपनीनं दोष मान्य न करता दंड भरला.
हे वाक्य मी तीनदा वाचलं.
सायकलला दिवा नाही म्हणून खेडच्या हवालदारानं धरलं होतं मला,
तेव्हा हे सुचलं असतं तर.
डॉक्टरमंडळी त्या वर्षीही बायकामुलांसह बँकॉकला गेली,
शेअर दोन महिने पडून पुन्हा उठला,
आणि आम्हाला दिवाळीला स्टीलचा डबा मिळाला, झाकण घट्ट.

आता ब्लडप्रेशरची गोळी मला लागते.
बाजारात ॲशनेक्सचीच मिळते, सवलतीत.
पाकीट उलटं धरून बॅच नंबर वाचतो.
पहिली अक्षरं महिना, मग ओळ, मग शिफ्ट.
रात्रपाळीची असेल तर क्षणभर थांबतो.
मग घेतोच. पाण्याचा घोट, उरलेल्या चहाआधी.

बाळ, शब्द मोजलेले नाहीत.
जास्त झाले तर मधले काढ, तुमचं कातरणं तुम्हाला माहीत.
फोटो सोबत जोडला आहे.
डावीकडे, मांडवाच्या खांबाला टेकून,
टोपी हातात घेतलेला, तो माझा बाप.
घरटी एक नोकरी.
आमच्या घरची ती मी केली.