पेट्या बदलल्या त्या साली

बडनेऱ्याला पेट्या बदलल्या.
मारामारीचा हिंदी पिच्चर गेला मद्रासच्या गाडीत
आणि बहिरमच्या जत्रेत, आमच्या तंबूत,
चौदा डबे निघाले तमिळ.
हात लागताच वाणी किडे गोल व्हावेत
तशी त्यांच्यावरची अक्षरं.

मालक नथ्थूजी पेटीवरच बसून राहिले.
दुसरी पेटी यायला आठ दिवस,
जागेचं भाडं रोजचं.
मी बारा वर्षांचा. रिळं उलटी गुंडाळायचो,
म्हणून कुठलाही पिच्चर मला शेवटाकडून पाठ.

कोणी म्हणालं, परतवाड्याच्या जिनिंगात
एक फिटर हाये, मुरुगेसन, तिकडचाच. त्याले आना.

तो आला. खाकी पँट, कानावर बिडी,
नखांत ग्रीस. पडद्याच्या डाव्या अंगाला
स्टुलावर बसवला, हातात माईक दिला.
पडद्यावर एक बाई विहिरीच्या काठी गाऊ लागली.
गाणं संपेस्तोवर हा गप्प.
मग म्हणाला, "काही नाही. वाट पाहून रायली."
तंबूत हशा. मागून एक जण ओरडला,
"येवढ्याले येवढं गाणं?"
"तिकडं वाट पाहाले येवढा टाइम लागते."

समुद्र आला तेव्हा पुढच्या पोट्ट्यांनी पाय वर घेतले.
मग मिठागर आलं, पांढरे ढीगच ढीग,
बायांच्या अंगानं कोणी बोललं,
"माय वं, केवढा कापूस!"
मुरुगेसननं तिकडं पाहिलं.
जरा थांबला.
"व्हय," म्हणाला, "कापूसच हाये."

तिथून पिच्चर आमच्याकडं सरकला.
नावाडी होता तो बंडीवाला झाला,
नायिका सरकी झाडू लागली.
तिचा बाप पडद्यावर हात नाचवत गरजायचा
आणि माईकमधून यायचं,
"दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या बोलीचा,
त्याच्या घरी तू भांडशील कोन्त्या भाषेत?"
हे त्या बापाच्या तोंडी नव्हतं.
ओठ कधीच मिटलेले असायचे,
हा बोलतच असायचा.

बायांकडं तिसऱ्या ओळीत फुलाय कास्देकर.
मेळघाटातून खाली आलेली, जिनिंगात झाडूवर.
रोज तिकीट काढून यायची, रोज तीच जागा,
शेंगा फोडायची, टरफलं ओच्यात ठेवायची.
मराठी तिची नव्हे, त्याचीही नव्हे.
पहिल्या रात्री नायिका रुसली होती बांगड्यांवरून,
चौथ्या रात्री त्याच रिळात रुसली
रविवारी तो आला नाही म्हणून.
लोकांना फरक कळला नाही. मला कळला.
मी कोणाला बोललो नाही.

सातव्या रात्री, शेवटच्या रिळात,
नावाडी दोर हातात धरून उभा,
ती गुडघाभर पाण्यात.
तो दोनच शब्द बोलतो.
मुरुगेसन बराच वेळ काही बोलला नाही,
माईकमधून नुसता श्वास येत राहिला,
आणि मग तो कोरकूत बोलला.
एक वाक्य. अडखळत, पाठ केल्यासारखं.
तंबू गप्प. कोणी तरी खोकलं.
"काय म्हन्ते बे?" नथ्थूजींनी इचारलं.

फुलाय उठली.
ओच्यातली टरफलं खाली सांडली,
ती तुडवत कनात वर करून बाहेर गेली.
बाहेर हंड्यांखालचे जाळ, रोडग्यांचा धूर,
त्यात माणूस दिसत नाही.

आठव्या दिवशी हिंदी पेटी आली.
जिनिंग पुढं विकली गेली.
तो कुठं गेला, ती कुठं गेली,
एकत्र गेली की कसं,
मी खूप जणांना इचारलं. खूप उत्तरं मिळाली.

परवा नातवानं मोबाइलवर तोच पिच्चर काढून दिला,
खाली हिंदी अक्षरं.
बाप फक्त कर्जाचा हिशेब मागतो.
बांगड्या नाहीत, रविवार नाही.
आणि शेवटी, दोर हातात धरून, नावाडी म्हणतो,
"सोड, भरती आली."
एवढंच.

मी बोटानं मागं सरकवतो.
पाणी उतरते, ती उलट्या पावलांनी काठावर येते,
टरफलं जमिनीवरून उचलली जाऊन ओच्यात पडतात.
नातू म्हणतो, "आबा, उलटं काहून पाहता?"
सवय हाये, म्हणलं.