बोजारा

सक्करदऱ्याच्या चौकातल्या नव्या दुकानात
मे महिन्यात मी जरा जास्तच वेळ लावतो.
तुरीच्या डाळीचे दोन भाव वाचतो,
फिनाईल उचलतो, परत ठेवतो.
बाहेर पंचेचाळीस आहे, आतला गारवा फुकट.

मग रांग. काउंटर नंबर तीन.
बिल्ल्यावर नाव : करिश्मा लांजेवार.
"आठशे सोळा झाले, काका.
चार रुपये मुलांच्या शिक्षणाले देता का?
आठशे वीस करून टाकू?"
ती मला विचारत नाही, पडद्याला विचारते,
आणि पडदा मला.

मागे एक गृहस्थ, हातात नुसती एक ब्रेड,
श्वास माझ्या मानेवर.
त्याच्यासमोर चार रुपयांना नाही कोण म्हणेल?
मी हो म्हटलं.
दान केल्यासारखं काही वाटलं नाही,
रांग पुढे सरकली, एवढंच.

पावतीवर छापून आलं :
आपण वाचवले बासष्ट.
देणगी चार.
कोणती मुलं, कुठली शाळा,
ते अक्षर इतकं बारीक
की चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं,
शेवटी घडी करून खिशात टाकलं.

माझा बाप इतवारीत पोती वाहायचा.
शेठच्या बिलात शेवटून दुसरी ओळ असायची, धर्मादाय.
गिऱ्हाइकाला कोणी विचारायचं नाही,
लावून मोकळे.
त्यातून पाणपोई झाली, वर शेठच्या आईचं नाव.
बाप ओंजळीनं पाणी प्यायचा, मिशा पुसायचा,
"थंडं हाय. कोनाचं का असंना."

आणि मी, तान्ह्या पोळ्याला,
एक चाक डुगडुगणारा लाकडी नंदी ओढत
दारोदार फिरलो आहे.
कशासाठी, असं कोणी विचारलं नाही.
बोजारा म्हणजे बोजारा.
पाच पैसे, दहा पैसे, ठवकरांकडे चार आणे.
मागताना मान खाली गेल्याचं आठवत नाही.
बैल होता ना सोबत.

जूनमध्ये एकदा नाही म्हणून पाहिलं.
घरून ठरवून गेलो, वाक्यही तयार :
मी माझ्या हातानं देतो, जिथं द्यायचं तिथं.
(खरं तर कुठंच देत नव्हतो.)
करिश्मा जराशी वाकली, आवाज खाली.
"काका, हो म्हणा नं.
दुपारपासून अकराच झाले.
सर रात्री सगळ्यायसमोर आकडा वाचून दाखवते."

तिच्या मागे स्टूल नव्हतं.
इतक्या फेऱ्यांत ते मला त्या दिवशी दिसलं.
मी हो म्हटलं.
कोणाला दिले, विचारू नका.

काल सर्व्हर बंद.
तिनं वहीत बेरीज केली,
ओठ हलवत, हातचा एक बोटावर धरून.
"दोनशे शहाण्णव."
सवयीनं तोंड उघडलं, "चार रु..."
आणि जीभ चावली.
"आज नाही द्या लागत, काका.
मशीनच नाही विचारून राहिली."

मी तीनशे दिले होते.
दोन-दोनची दोन नाणी तिनं परत केली,
मी ती काउंटरवरच सरकवली. राहू दे.
"कुठं ठेवू पण?"

तिनं खरंच शोधलं.
गल्ल्यात टाकले तर हिशेबात चार जास्त,
युनिफॉर्मला खिसाच शिवलेला नाही.
चॉकलेटांना स्टँड होता, बॅटऱ्यांना होता,
दाढीच्या पात्यांना तर कुलूप लावलेलं कपाट.
चार रुपयांना जागा नव्हती.

मग तिनं नाणी माझ्या तळहातावर ठेवली
आणि माझी बोटं एकेक करून मिटवली,
नंदीवाल्या पोराची मिटवतात तशी,
सांडू नये म्हणून.

बाहेर आलो.
गाडीची किल्ली उजव्या खिशात होती.
मी ती डाव्या हातानं
काढत राहिलो.