डावा, सव्वीस

सुलुफूला थडग्यात ठेवलं तेव्हा थोरल्या दिरानं विचारलं,
"आणि तो पाय?"
दाराआड उभा होता तो, मोजा घातलेला,
मालक आत्ता येईल म्हणून थांबलेल्या गड्यासारखा.
माणूस पूर्वजांकडे अख्खा जायला हवा, असं दिराचं म्हणणं.
मी म्हटलं, त्याचा खरा पाय सात वर्षांपूर्वीच पुढे गेलाय,
जुन्या चादरीत गुंडाळून तुम्हीच नेऊन ठेवलात.
हा प्लास्टिकचा. हा अंत्सिराबेच्या वर्कशॉपचा.
पणजोबांना ह्याची ओळख काय म्हणून करून देणार?

म्हणून आज टॅक्सी-ब्रूसमध्ये पाय माझ्या मांडीवर, गोणपाटात.
कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट."
सगळे हसले. मीही हसले, मग
अंबुसित्रा मागे पडल्यावर पहिला चढ संपेपर्यंत
रडून घेतलं.

पहिल्या वर्षी अकरा वेळा केला हा रस्ता.
व्यायाम शिकवणारी बाई फक्त गुरुवारी असायची,
तीन जिल्ह्यांत मिळून एक.
गुरुवारी पूल बुडाला तर पुढचा गुरुवार.
तिनं आधी चालायला नाही, पडायला शिकवलं:
"पडणार तर आहातच, मग नीट पडा."
नळाच्या पाइपांचे दोन कठडे, मधे सहा पावलांची वाट,
टोकाला आरसा, कमरेखाली फुटलेला,
म्हणजे जे बघायचं नेमकं तेच दिसायचं नाही.
कोपऱ्यात परदेशातून आलेलं यंत्र, पांढऱ्या चादरीखाली.
त्याची एक वायर यायची होती.
सुलुफू त्याला "पाहुणे" म्हणायचा,
जाता-येता टोपी काढायचा.

पाय मिळाला चौदाव्या महिन्यात.
रंग बिस्किटाचा, आमच्यात कुणाचाच नसलेला.
पावसाळ्यात घोट्याचा बोल्ट कुरकुरायचा,
खोबणीत खुंट घासून फोड यायचे,
मग आठवडाभर पाय दाराआड आणि हा खाटेवर,
भांडण झाल्यासारखे.
पूस-पूस ओढणं सुटलंच होतं,
दुसऱ्यांची वाकडी चाकं सरळ करायचा.
एकदाच, रात्री, सगळं गाव निजल्यावर,
त्यानं मला कुणाच्या तरी गाडीत बसवलं
आणि गल्लीच्या टोकापर्यंत ओढत नेलं.
टक्, सर्र. टक्, सर्र.
परत येताना मी ढकलत आणली, ते सोडा.

मामिसुआनं गोणपाट सोडलं. काही बोलला नाही, स्पॅनर घेतला.
खोबण वेगळी केली: "ही कुणालाच व्हायची नाही,
प्रत्येकाचा खुंट वेगळा."
आत वर्तमानपत्राच्या घड्या,
तो वाळत गेला तशी एकेक वाढवलेली,
मला न सांगता.
"सैल झाली होती," मामिसुआ म्हणाला, "यायला हवं होतं."
मी म्हटलं, "भाडं."
तो म्हणाला, "हो."

बाकावर एक पोरगा, तहिरी नावाचा, सतराचा असेल,
कुबडी मांडीवर आडवी.
"ह्याला लावा," मी म्हटलं. सकाळपासून
हेच एक वाक्य तोंडात धरून आले होते.
"ह्याचा उजवा गेलाय."
उजवे पाय मार्चनंतर येतील
असं मार्चमध्येच सांगून झालं होतं.
फळीवर डाव्यांची रांग, चवडे भिंतीकडे,
रुसल्यासारखी.
मामिसुआनं चिठ्ठी चिकटवली: डावा, सव्वीस.
"नाव लिहा ना."
"नाव लिहिलं तर कुणी घेत नाही, बाई."

परतीची गाडी तीनला.
तहिरीनं कुबडी सरकवून जागा केली.
खोबण मी मागून घेतली होती, ती मांडीवर घेऊन बसले,
कशाला ते अजून ठाऊक नाही.
बराच वेळ आम्ही दोघं त्या रांगेकडे बघत राहिलो.
मग त्यानं हळूच विचारलं,
"आधी पडायला लावतात म्हणे. दुखतं का?"
"पहिल्या गुरुवारी," मी म्हटलं.