अकरा

मेचा दुसरा रविवार. उपवनच्या काठावर
चार रिक्षा आणि विद्याधरकाकाची मारुती
रिकामी होते, होतच राहते:
चटया, पन्ह्याचा थर्मास, कुमुदआत्याचा गुडघ्याचा पट्टा,
कोलंबीभाताचं पातेलं साडीच्या तुकड्यात बांधलेलं,
आणि प्रज्ञाचं तीन महिन्यांचं बाळ,
जे ह्या सगळ्याला अजून नवीन आहे.

समोर येऊरचा डोंगर, उन्हानं वाळून पापडासारखा.
पाणी खाली गेलंय, पायऱ्यांच्या दोन ओळी उघड्या पडल्यात
ज्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या.
आत्या म्हणते, मी पाहिल्यात. तिथे बसून पाय सोडायचो.
आता पाटी आहे: पोहण्यास सक्त मनाई.
पाटीवर एक बगळा.

येऊरवरून उतरलेल्या बायका
पळसाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्यात.
काका भाव करत नाही. पूर्वी काकी करायची.
तो सहा द्रोण घेतो, सुट्टे परत घ्यायला विसरतो.

पेडल-बोटीत चौघं चौघं.
नारिंगी जॅकेटं आधीच्या लोकांच्या घामानं ओली.
भाऊजी जोर लावतात, बोट गोल गोल फिरते,
काठावरून सगळ्यांचे सल्ले एकदम,
आणि त्या गोंधळात कुणीतरी म्हणतं,
ईशान कुठाय?

ईशान पाच वर्षांचा.
पाणी अचानक खूप मोठं दिसायला लागलं.

नंबर! आत्या ओरडली. नंबर बोला!

ही हेमलताकाकीची युक्ती. बारा वर्षांपूर्वी
याच काठावर तिनं आम्हाला आकडे वाटले होते,
नंतर जन्मलेल्यांना पुढचे दिले होते,
आणि दर तासाला मास्तरणीसारखी हजेरी.
ती गेल्यापासून तीन वर्षं
कुणी हजेरी घेतली नव्हती.
(गेली म्हणजे डोंबिवलीला. कोर्टातून. सहीनिशी.)

एक, आत्या स्वतःच म्हणाली.
दोन. तीन. बोटीतून भाऊजी, चार!
पाच, सहा, सात घाईघाईत,
आठ तोंडात भात घेऊन, नऊ,
दहा, काका म्हणाला.

मग काहीच नाही.

बारा होती तन्वी, त्यांची मुलगी.
ती उभी होती ओठ किंचित उघडे ठेवून,
आधी अकरा येतं
या सवयीनं थांबलेली.
पाण्यात एका बोटीचं पेडल कुरकुरत होतं.
आम्ही सगळे चटईच्या काठाकडे बघत होतो.

अकरा, काका म्हणाला.
हळूच. दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं तसं.

बारा, तन्वी म्हणाली.
तेरा. मी, चौदा. पंधरा. सोळा.

सतरा!
गोळेवाल्याच्या गाडीमागून,
जीभ काळीखट्टाक जांभळी.
प्रज्ञानं त्याला आधी कवटाळलं, मग धपाटा घातला,
मग पुन्हा कवटाळलं.
अठरा म्हणायचं अठराव्याच्या लक्षातच राहिलं नाही.

जेवताना भाऊजींना वाटलं आपण काही चांगलं सुचवतोय:
बाळाला द्या की अकरा. रिकामाच आहे.
आत्यानं वाढता वाढता पळी थांबवली.
त्याला एकोणीस, म्हणाली.
आणि त्यांना भात जरा कमीच वाढला.

काका पाण्याकडे तोंड करून करवंदं खात होता.
एक एक, बी चघळून चघळून.

परतताना वर्तकनगरच्या सिग्नलला
रिक्षात मी, तन्वी आणि मांडीवर रिकामं पातेलं.
तिच्या फोनवर दोन शब्द आले, सगळे पोचलात?
कुणाचे ते मी विचारलं नाही.
तिनं अंगठ्यानं लिहिलं: निघालो. एकोणीस.
थोडा वेळ बघत राहिली,
पुसावं की पाठवावं.
सिग्नल सुटला, रिक्षा हिसक्यानं निघाली
आणि ते गेलं.

रात्री साबण लावून दोनदा हात धुतले.
करवंदाचा चीक बोटांवरून जात नाही,
बोट बोटाला
किंचित चिकटत राहतं.